ल्यूकचा घोटा

“अजून आवळ,” ल्यूक म्हणाला.

ओरेस्टने पट्टीचा आणखी एक वेढा दिला आणि देता देता अंगठ्याने घोट्याची आतली बाजू दाबून पाहिली. ल्यूकचा श्वास अडकला.

“दुखतंय.”

“काही दुखत नाही. फिजिओ यायच्या आत बांध. आणि तोंड बंद ठेव, ओरी.”

ओरेस्ट बॉयचुक चौतीस वर्षांचा होता. चेंडू हातात घेऊन पळायच्या कॅनडातल्या फुटबॉलमध्ये पुढच्या फळीत उभं राहून समोरच्या दांडग्याला अडवायचं, एवढंच त्याचं काम. चेंडूला हात लावायची वेळ कधी आलीच नाही. बारा हंगामांत सहा शहरं झाली. तुझ्या पायाला भिंगरी आहे, असं बायको म्हणायची, पण ती भिंगरी लावणारे दुसरेच होते. कॅनडात वाढलेले अमुक इतके खेळाडू संघात खेळवलेच पाहिजेत, असा नियम. त्यातला कुणी जायबंदी झाला की ओरेस्टला फोन यायचा आणि तो बरा झाला की याची रवानगी. आता रेजायनाच्या संघात तो ल्यूक बुशारच्या जागेवर खेळत होता. ल्यूक चोवीस वर्षांचा, सडबरीचा, चांगलाच गुणी. तो उद्या उतरला की ओरेस्टला नारळ मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं.

उद्या हंगामाचा शेवटचा सामना. ओरेस्टला तो खेळायचा होता, अगदी जीव तुटत होता. पुढच्या वर्षी फोन येणार नाही, हे कुणी सांगायला नको होतं.

पट्टी बांधून तो बाहेर आला. मैदानावर बोचरा वारा सुटला होता. त्याने एक चक्कर मारली, बाकावर बसला, उठला, पुन्हा चक्कर मारली. हॅमिल्टनला असताना त्याने स्वतः असाच घोटा लपवला होता. त्यानंतर सलग दोन वर्षं तो कुठल्याच गावात टिकला नाही. सांगावं, तर जागेसाठी चुगली केली म्हणणार. गप्प बसावं, तर त्या गाढवाचा पाय कायमचा जाणार. त्याला दोन्हींचा राग आला, आणि स्वतःचा सगळ्यात जास्त.

तिसऱ्या चकरेनंतर तो सरळ कोच हॅडलींच्या खोलीत शिरला.

“कोच, निवृत्तीचा कागद असतो ना, तो द्या.”

“सकाळी सकाळी प्यायलायस की काय?”

“द्या हो.”

त्याने उभ्या उभ्याच सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला. “आता ऐका. ल्यूकचा घोटा तडकलाय. एक्स-रे काढून घ्या.”

हॅडली कागदाकडे पाहत राहिले. “आधी घोट्याचं सांगितलं असतंस तर मी हसलो असतो.”

“म्हणून तर आधी सही केली.”

दुपारी एक्स-रेमध्ये तडा दिसला. बोळातून जाताना ओरेस्टला ल्यूक भेटला, काखेत कुबड्या, डोळे लाल.

“झालं मनासारखं? खेळ आता माझ्या जागी. बारा वर्षं लोकांच्या दुखण्यावरच जगलायस तू!”

कागदाची गोष्ट ओरेस्टच्या ओठांवर आली होती. तो बाजूला झाला आणि त्याला वाट दिली.

मागोमाग हॅडली आले, कागद हातातच. “हा मी कुठे पाठवलेला नाही. मला उद्या कॅनडाचा माणूस लागणार, आणि तो तूच आहेस. फाडू?”

ओरेस्टने कागदाकडे हात नेला आणि मागे घेतला. फाडा म्हणायला कितीसा वेळ लागतो!

“सास्काटूनच्या त्या नवख्याला बोलवा, तोही कॅनडाचाच आहे. मी उद्या उतरलो, तर आत्ता ल्यूक जे बोलला ते खरं होईल.”

“कोण विचारतंय ल्यूकला?”

“मी विचारतोय.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तो सामान गाडीत टाकून डॉफिन गावातल्या आपल्या घराकडे निघाला. रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. शेवटी यॉर्कटनच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन तो खाली उतरला आणि तिच्याभोवतीच फिरू लागला. इतक्यात फोन वाजला.

“मध्यंतर झालंय,” पलीकडून ल्यूक म्हणाला. मागे गलका होता. “तू नाहीयेस इथे.”

“नाही.”

“कोचनी कागद दाखवला मला. मी तुला काय वाट्टेल ते बोललो, ओरी.”

“बोललास. नवखा कसा खेळतोय?”

“मार खातोय. डावा पाय मागे राहतो त्याचा.”

“मग मला काय सांगतोस? त्याला सांग. जा, वेळ कमी आहे.”

फोन बंद करायचं ल्यूकला सुचलं नाही. कुबड्यांची टकटक ऐकू आली, एक दार उघडलं, आणि मग त्याचा चढा आवाज आला, “ए सास्काटून! इकडे बघ, पाय कुठे ठेवतोस तू?”

ओरेस्ट रस्त्याच्या कडेला फोन कानाला लावून उभा राहिला. खेळाडू पुन्हा मैदानावर जाईपर्यंत त्याने तो खाली घेतला नाही.