निम्मं आटवलेलं पाणी

वेणूबाईंचं लग्न दातांपायी अडलं होतं. यवतमाळकडच्या त्यांच्या गावात विहिरीच्या पाण्याने सगळ्यांचेच दात तपकिरी. पण मुलीचे दिसले की पाहुणे चहा पिऊन उठायचे. शेवटी बिजवराला दिली. आई म्हणायची, न उकळता कच्चं पाणी प्यायलो म्हणून हे भोग. बाईंनी ते मनाशी पक्कं धरलं.

म्हणून वाघोलीला लेकाकडे राहायला आल्यावर नातीच्या, पूर्वाच्या पाण्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सोसायटी बोअरच्या पाण्यावर. सून नम्रता आरओ फिल्टर लावून मोकळी झाली, पण त्या मशीनवर म्हातारीचा काडीचा भरवसा नव्हता. नळाचं पाणी पातेल्यात घ्यायचं, आटवून आटवून निम्मं करायचं आणि ते पोरीला पाजायचं. तान्ही होती तेव्हापासून! उन्हाळ्यात गॅसपाशी जीव नुसता शिजायचा, पण हौस केवढी.

पूर्वाला आठवं लागलं. पुढचे नवे दात आले ते खडू फासल्यासारखे, मध्ये तपकिरी पट्टे. बाईंनी सुनेमागे दवाखान्याची घाई लावली.

नारायण पेठेतल्या दातांच्या डॉक्टर वासंतीबाईंनी एकदाच बघितलं. "फ्लोराइड. जमिनीतल्या खडकातून उतरतं पाण्यात. कुठलं पाणी पिते ही?"

"आम्ही फिल्टरचं पितो," नम्रता म्हणाली. "हिला मात्र आई बोअरचं निम्मं आटवून देतात. फार करतात हो तिचं!"

"वा! म्हणजे दुप्पट पाजलंत. अहो, आटवल्यावर पाणी उडतं. फ्लोराइड पातेल्यातच राहतं."

"डाग जातील ना, बाई?" वेणूबाईंनी हात जोडले.

"जातील कसे? दात हिरडीत घडत होते तेव्हाच मुरलेत. मोठी झाली की वरून झाकू."

परतताना नम्रताने पूर्वाला आजीजवळून उठवून आपल्याशेजारी बसवलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं मेलं!

घरी आल्यावर तिने फिल्टरचा पेला पूर्वापुढे धरला. पोरीने तोंड फिरवलं. "शी! मला आजीचंच पाणी हवं. आजीच म्हणते, त्याने दात पांढरे होतात."

नम्रता बाजूला झाली. "आई, तुम्हीच सांगा तिला."

एवढ्या वर्षांची माया, आणि त्या मायेलाच नावं ठेवायची, तीही स्वतःच्याच तोंडाने. वेणूबाईंनी पेला हातात घेतला.

"हेच पी, माय," त्या म्हणाल्या. "माह्या पाण्यानंच तुहे दात नासले."