घरचं गिऱ्हाईक

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘संगणक रुग्णालय’ असं लिहिलेलं आहे. नाव मीच ठेवलं आणि तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा रक्तदाब तपासायला आले. मी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांना खरोखरच बरं वाटलं. माझ्या हातून इतक्या झटपट बरा झालेला दुसरा पेशंट मला आठवत नाही. तरी गल्ली मला डॉक्टर म्हणते आणि मी ओ देतो.

या धंद्याला अकलेपेक्षा धीर जास्त लागतो. निम्मी कामं फोनवरची, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायची. पलीकडून माणूस घाबराघुबरा होऊन सांगतो की पडदा काळा झाला. मी गंभीर आवाजात सांगतो की बंद करा, जरा थांबा, परत चालू करा. ते चालू होतं. तो माझे आभार मानतो आणि मी ते न लाजता घेतो.

पण एक गोष्ट मला येते आणि तिच्याबद्दल मी स्वतःची पाठ अधूनमधून थोपटून घेतो. गिऱ्हाइकाला मी कधीही ‘काय केलंत?’ असं विचारत नाही. कीबोर्डातून चहा गळत असला तरी नाही. काय केलंत असं विचारलं की माणसाचा आरोपी होतो, आणि आरोपी म्हणतो, मी हातसुद्धा लावला नाही, आपोआप झालं. त्यापेक्षा ‘बोला, काय होतंय?’ असं विचारावं. मग तो मशीनबद्दल सांगू लागतो आणि बोलता बोलता चहाचंही सांगून टाकतो. हे तत्त्वज्ञान मी जेवताना बायकोला कितीतरी वेळा ऐकवलं आहे. ती ऐकून घेते आणि भाजी वाढते.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. आमचा प्रिंटर कागदाच्या वरच्या अर्ध्या भागावरच छापतो. त्यामुळे बायकोच्या प्रश्नपत्रिका आखूड असतात आणि मुलं मला न ओळखता दुवा देतात. दाराची घंटा दाबल्यावर वाजत नाही, बोट काढल्यावर वाजते. घरचं काही बिघडल्याचं कानावर आलं की मी मानही न वळवता विचारतो, काय केलंस? आणि उत्तर पुरं व्हायच्या आत ‘उद्या बघतो’ म्हणून मोकळा होतो.

बायको एका छोट्या शाळेत गणित शिकवते, तेही हंगामी. दर वर्षी शाळा उघडायच्या वेळी बोलावणं येतं की नाही म्हणून आम्ही दोघं फोनकडे बघत बसतो. यंदा एका मोठ्या शाळेत कायमची जागा निघाली. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि शेवटी उरला नमुना पाठ. दुपारी चार वाजता, ऑनलाइन, तीन परीक्षकांसमोर. अशी जागा पुन्हा कधी निघेल याचा काही नेम नव्हता. आणि नेमका तिचा लॅपटॉप मधेच बंद पडायला लागला होता. तिने मला तीन-चारदा सांगितलं. तीन-चारदा मी विचारलं, काय केलंस?

पाठाच्या दिवशी सकाळी दुकानात बरीच गर्दी होती. वकीलबाईंचा लॅपटॉप दुरुस्त करून मी बाजूला ठेवला होता, पण त्यांना तो संध्याकाळीच न्यायचा होता. त्या नुसती चौकशी करायला आल्या होत्या आणि चौकशी संपत नव्हती. मी जमिनीवर पडलेला एक स्क्रू शोधत वाकलो होतो. तेवढ्यात काउंटरवर कोणीतरी बॅग ठेवली. मी सवयीने खालूनच म्हणालो, “बोला, काय होतंय?”

“दहा मिनिटांत बंद पडतो. खालून तापतो. पंख्याचा आवाज आधी यायचा, आता येतच नाही. चार वाजता माझा पाठ आहे.”

मी वर बघितलं, तर बायको. ती रांगेत उभी राहून आली होती. एवढं मुद्देसूद सांगणारं गिऱ्हाईक मला वर्षभरात भेटलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि मला त्याचीच धास्ती वाटली. ‘घरी सांगायचं ना’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, पण नशीब, ते मी गिळलं. मी तिला सगळ्यांना देतो तसा नंबराचा बिल्ला दिला आणि साडेतीनपर्यंत होईल म्हणालो. ती ‘धन्यवाद’ म्हणाली आणि शाळेत गेली. वकीलबाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत मला म्हणाल्या की बाई फार समंजस दिसतात. मी होकार दिला, ओळख मात्र दिली नाही.

लॅपटॉप उलटा करून मी खालचं झाकण काढायला घेतलं आणि हात थबकला. एका स्क्रूवर छोटा गोल हिरवा स्टिकर होता.

आमच्या धंद्यात मशीन दुरुस्त केलं की एखाद्या स्क्रूवर आपला स्टिकर लावतात. नंतर दुसऱ्या कोणी ते उघडलं तर कळावं म्हणून. माझे स्टिकर लाल आहेत. हिरवे समोरच्याचे.

समोरचा म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या नाकासमोर दुकान असलेला माणूस. त्याच्या पाटीवर नुसतं ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ एवढंच आहे, काव्य नाही. त्याच्याबद्दल माझी मतं पक्की होती. बोलायला थंड, कामाला त्याहून थंड, आणि दुकान इतकं स्वच्छ की काम नसणार हे उघडच. ही मतंही मी जेवताना बायकोला ऐकवत आलो होतो. तेव्हाही ती भाजी वाढत असे.

आत आणखी दोन हिरवे स्टिकर निघाले. एक कीबोर्ड बदलल्याचा, एक बिजागरीचा. आणि मी मात्र घरी येणाऱ्या पाहुण्यांना तोच लॅपटॉप दाखवून सांगत होतो की बघा, मी निवडलेलं मशीन आहे, इतकी वर्षं झाली, कुरकुर नाही. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी दुपारी नीट कळलं.

पंख्यात बोटभर जाड धूळ अडकली होती. ती साफ केली, उष्णता वाहून नेणारी आतली पेस्ट वाळली होती ती बदलली, आणि लॅपटॉप दोन तास गार राहून चालला. इथे शहाण्या माणसाने झाकण लावून जेवायला जावं. पण माझ्या डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत होते. बायकोने लॅपटॉप उघडला की त्यात काहीतरी नवं, झगझगीत दिसलं पाहिजे, समोरच्याला न जमलेलं काहीतरी, असं मला वाटलं. एक मोठं अपडेट बरेच दिवस लटकून राहिलं होतं. माझ्या दुकानाच्या भिंतीवर लाल अक्षरात, माझ्याच हाताने लिहिलेली सूचना आहे: महत्त्वाच्या कामाच्या दिवशी अपडेट लावू नये. त्या सूचनेच्या खाली बसून मी बटण दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अपडेट सत्तावीस टक्क्यांपर्यंत धावत गेलं आणि तिथे बैठक मारून बसलं. पडद्यावर आलं, ‘कृपया संगणक बंद करू नका.’ म्हणजे बंद करून परत चालू करा हा माझ्या आयुष्याचा एकुलता एक मंत्रही गेला. मी लॅपटॉपला गोंजारलं, पंख्यासमोर धरला, थोडा वेळ पाठ करून बसलो. तो सत्तावीसवरून हलेना. दुसरं मशीन द्यावं तर दुकानात मशीन रग्गड, पण चालणारं एकही नाही. चालत असती तर लोकांनी माझ्याकडे कशाला आणली असती? माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरला कॅमेरा नाही आणि तो चापट मारल्याशिवाय सुरू होत नाही. धड होता तो फक्त वकीलबाईंचा लॅपटॉप.

साडेतीनला बायको आली. आता ती विचारणार, काय केलंस, याची माझी खात्री होती आणि मी उत्तरही तयार ठेवलं होतं. मी हातसुद्धा लावला नाही, आपोआप सुरू झालं. तिने पडद्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या सूचनेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पर्स काउंटरवर ठेवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “काय होतंय?”

मी सगळं सांगून टाकलं. बिघाड फक्त पंख्याचा होता, तो दुपारीच निघाला होता. अपडेटची काही गरज नव्हती. हिरवे स्टिकर दिसले आणि माझा जळफळाट झाला. हे आता तासाभरात संपेल किंवा रात्रही होईल, आणि मधे बंद करता येत नाही. तिने इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मी एका बटणाने मातीत घातलं होतं.

माझा हात वकीलबाईंच्या लॅपटॉपकडे गेला. बायको म्हणाली की तो दुसऱ्याचा आहे, त्याला हात लावायचा नाही. मग तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. पाठ त्यात होता. समोरच्या भाऊंनी तिला सांगून ठेवलं होतं की कामाची एक प्रत कायम वेगळी ठेवत जा. हाच उपदेश मी सगळ्या गावाला करत आलो होतो. फक्त घरी पोचवायचा राहिला होता.

आम्ही रस्ता ओलांडला. तिची पर्स मी धरली होती, दुसरं काही माझ्या हातात उरलंच नव्हतं. समोरचा तिला बघून उठला आणि म्हणाला, बोला वहिनी, काय होतंय? तिने सांगितलं. त्याने स्वतःचा लॅपटॉप आतल्या खोलीत मांडून दिला, टेबल पुसलं, आणि रस्त्याचा आवाज नको म्हणून शटर अर्धं खाली ओढलं. मला त्याने ‘बसा डॉक्टर’ म्हटलं. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं, पण नव्हता. दोन गिऱ्हाइकं शटरखालून डोकावली, त्यांना तो म्हणाला की आज डॉक्टरांकडे जा. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं की डॉक्टर तर इथेच बसलेत.

दाराआडून मला बायकोचा आवाज ऐकू येत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती शिकवताना मी कधी ऐकलंच नव्हतं. एका परीक्षकाने कच्च्या विद्यार्थ्याचं सोंग घेतलं. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं त्याने ठोकून दिलं. मी बाकावरून जवळजवळ उठलोच की चूक आहे. आतून बायको म्हणाली, “बरं. इथपर्यंत कसा आलास ते मला सांग.” आणि ती थांबली. त्याला सांगू दिलं, अडखळू दिलं, मधे तोंड घातलं नाही, आणि शेवटी त्याने स्वतःची चूक स्वतःच पकडली. घरी मी तिची किती वाक्यं अर्ध्यावर तोडली असतील याचा विचार करत मी तिथे बसलो होतो. मला लाज वाटली. चष्मा पुसायचं निमित्त करून मी मान खाली घातली.

पाठ पुरा झाल्यावर आम्ही परत निघालो. मी विचारलं की समोरच्याकडे ती कधीपासून जाते. कीबोर्ड गेला तेव्हापासून, ती म्हणाली.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तू विचारलंस, काय केलंस.”

दुकानात तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर ‘स्वागत आहे’ अशी अक्षरं झळकत होती. आम्ही दोघांनी ती वाचली. आधी ती हसली, म्हणून मग मीही हसून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या शाळेतून फोन आला. जागा तिला मिळाली होती, कायमची. त्याच संध्याकाळी मी प्रिंटर उघडला, आणि शाळेने पाठवलेलं नेमणुकीचं पत्र आमच्या घरात पहिल्यांदाच खालच्या सहीसकट पूर्ण छापून निघालं. मग मी घंटाही दुरुस्त केली. ती दाबल्याबरोबर वाजली तेव्हा आम्ही दोघंही दचकलो. एवढा पराक्रम गाजवल्यावर मला जरा धीर आला. यापुढे लॅपटॉप बिघडला तर माझ्याकडे आणशील का, असं मी तिला गिऱ्हाइकाला विचारतो तशा आवाजात विचारलं.

तिने खरंच विचार केला.

“आणीन,” ती म्हणाली. “पण दुकानात.”