बाटलीतला धूर

घड्याळजी संशयी होता हे सांगायला कुणी ज्योतिषी नको. दुरुस्तीला आलेलं घड्याळ तो गिऱ्हाइकासमोरच उघडायचा, आतल्या चाकांचा फोटो काढायचा आणि मगच पावती फाडायचा. उद्या कुणी म्हणायला नको की आमचं चाक बदललं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, हा आपला जन्मापासून फुंकत होता.

अशा माणसाला उभ्या आयुष्यात मित्र मिळाला एकच, आणि तोही बायकोबरोबर आला म्हणून. बायकोचा धाकटा भाऊ जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. वायरी आणि फ्यूज याच्या पलीकडे त्याने जहाजाचं काही चालवलं नव्हतं, तरी घरात सगळे त्याला कॅप्टन म्हणत. सात-आठ महिने पाण्यावर, मग तीन-चार महिने जमिनीवर. जमिनीवर असला की दर रविवारी दुपारी तो न सांगता जिना चढून यायचा, आणि दुकानाच्या वरच्या खोलीत दोघा भाऊजी-मेहुण्यांची व्हिस्की सुरू व्हायची.

सुरू व्हायची म्हणजे काय, पिणं चमचाभर आणि हुंगणं तासभर. स्कॉटलंडच्या एका बेटावर समुद्राला खेटून एक भट्टी आहे. तिथे दलदलीतून कापून काढलेली वाळकी माती, म्हणजे पीट, जाळतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात. तो धूर दारूत उतरतो तो कायमचा. या भट्टीच्या तीन बाटल्या घड्याळजीच्या कपाटात असत: एक दहा वर्षं मुरलेली, एक सोळा वर्षांची, आणि एक पाणी न घालता पिंपातल्या जोरानिशी भरलेली. तिघी बहिणीच, पण नाकं वेगळी. धाकटीला डांबराचा वास येतो की आयोडीनचा, यावर या दोघांनी बावीस वर्षं भांडण चालवलं होतं. कॅप्टन डांबर म्हणायचा, कारण त्याने डांबर पाहिलं होतं. घड्याळजी आयोडीन म्हणायचा, कारण कॅप्टन डांबर म्हणायचा.

गेल्या वर्षी दोघांनी निम्मं-निम्मं घालून चौथी घेतली. एकाच पिंपातली, पाणी न घातलेली, जगात अडीचशेच बाटल्या. उघडली त्या दुपारी खोलीत कुणीतरी समुद्रावर ओली दोरखंडं पेटवली आहेत असं वाटलं. बायको खालून ओरडली, "काही जळतंय का रे?" दोघं एकमेकांकडे बघून हसले. कॅप्टनने तिच्यातलीच थोडी औषधाच्या छोट्या कुपीत काठोकाठ भरून, वर मेण लावून बरोबर नेली. बाकीची कपाटात राहिली, खास दिवसासाठी. घड्याळजीने बाटलीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारली. हे कॅप्टन गेल्यावर.

पुढच्या सुट्टीत कॅप्टन आला तेव्हा घड्याळजी आणि बायको दहा दिवस लेकीकडे निघाले होते. घर त्याच्यावर सोपवलं. परत आल्यावर घड्याळजीने चपला काढायच्या आधी कपाट उघडलं. रेघ आणि दारू, दोन्ही एका पातळीत. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण त्याने बूच काढून नाक लावलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. दोरखंडं पेटलेली होती, पण दूर कुठेतरी.

पातळी तीच आणि धूर कमी. म्हणजे कुणीतरी काढली आणि तेवढंच पाणी घातलं. आणि घरात होतं कोण?

तसं पाहिलं तर संशयाला जुनी जागा होती. एकोणीस वर्षांचा असताना कॅप्टनने दुकानातलं गिऱ्हाइकाचं एक सोन्याचं घड्याळ उचललं होतं. दुसऱ्या दिवशी ते जागेवर परत आलं, पण घड्याळजीने त्याला ठेवताना पाहिलं. तो एक शब्द बोलला नाही. बायकोलाही सांगितलं नाही. या मोठ्या मनाचा त्याला फार अभिमान होता आणि अधूनमधून तो अभिमान काढून मनातल्या मनात पुसून ठेवायचा.

आता त्याने पहारा सुरू केला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी कपाट उघडायचं, ग्लासात घोटभर ओतायची, गोल फिरवायची, हुंगायची, आणि पातळी बिघडू नये म्हणून थेंबन् थेंब परत बाटलीत ओतायची. पिण्याचा मोह त्याने एकदाही होऊ दिला नाही. पुरावा कोण पितो?

आणि काय सांगावं, धूर दर आठवड्याला कमी होत होता. त्याने कपाटाच्या दाराला शिवणाचा बारीक दोरा चिकटवला. दोरा शाबूत राहिला, धूर मात्र घटला. दुसरा कुणी असता तर इथे थांबून विचार केला असता. घड्याळजीने ठरवलं की मेहुणा दोरा काढून पुन्हा जसाच्या तसा चिकटवतो. वायरींवर काम करणाऱ्याची बोटं नाजूक असायचीच.

तीन महिने हे चाललं. रविवारी कॅप्टन यायचा, हसायचा, डांबर म्हणायचा. घड्याळजी आयोडीन म्हणायचा आणि त्याच्या बोटांकडे बघायचा. आपण इतकी वर्षं ज्याला घरचा समजलो तो आपल्यासमोर बसून हसतोय, या विचाराने त्याचं जेवण कमी झालं. चोर सापडावा असं त्याला वाटत होतं, आणि तो चोर हा नसावा असंही. पण पहिलं जास्त वाटत होतं.

कॅप्टन जहाजावर जायच्या आधीच्या रविवारी त्याने सापळा लावला. चार ग्लास, तळाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. कोणत्यात कोणती हे फक्त त्याला माहीत.

"अरे वा, परीक्षा!" कॅप्टन खुशीत येऊन बसला. पहिला ग्लास हुंगला. "सोळा." दुसरा. "धाकटी. डांबर." तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही बिनपाण्याची." चौथ्याशी तो थांबला. पुन्हा हुंगला, थेंबभर जिभेवर घेतला.

"ही कुठली, भाऊजी? आपल्यातली नाही वाटत."

"नीट बघ."

"जोर आहे. चटका बसतो जिभेला, म्हणजे पाणी नाही यात. पण धूर उडालाय. काही राहिलंच नाही बिचारीत."

खाई त्याला खवखवे, घड्याळजी मनात म्हणाला. पाणी नाही हे आधीच सांगून मोकळा झाला. "आपली पिंपातली आहे," तो मोठ्याने म्हणाला.

"शक्य नाही!" कॅप्टनने खिशातून मेण लावलेली कुपी काढली. "मी तर हीच गंमत करायला आणली होती. जहाजावर प्यायला बंदी, ती तशीच राहिली. म्हटलं, बंद राहिलेली आणि उघडलेली शेजारी शेजारी ठेवून बघू." त्याने मेण फोडलं आणि थोडी ग्लासात ओतली. खोलीत ओली दोरखंडं पेटली.

बायको काजूची बशी घेऊन वर आली होती. तिच्यासमोरच घड्याळजी उसळला.

"बघ! ही खरी! आणि माझ्या कपाटातली? दहा दिवस घर कुणाच्या ताब्यात होतं? काढून पाणी घातलंस आणि वर मलाच शिकवतोस?"

"भाऊजी, काय बोलताय?"

"बरोबर बोलतोय. सवय जात नाही माणसाची. गिऱ्हाइकाचं सोन्याचं घड्याळ नेलंस तेव्हा मी गप्प बसलो. तुझ्या बहिणीलासुद्धा बोललो नाही बावीस वर्षं!"

कॅप्टनचा चेहरा उतरला. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने बशी टेबलावर ठेवली, हळू, एकही काजू न सांडता.

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याच रात्री रडत आला होता माझ्याकडे. सकाळी जाऊन ठेवून ये, असं मीच सांगितलं. माझ्या दृष्टीने ते तेव्हाच संपलं. तुम्ही अजून धरून बसला आहात, हे मात्र मला आज कळलं."

घड्याळजीने जो मोठेपणा इतकी वर्षं जपला, तो कुणाला नकोच होता.

"आणि बाटलीचं म्हणाल, तर रोज सकाळी तुम्हीच तिला बाहेर काढता," ती पुढे म्हणाली. "ग्लासात ओतता, फिरवता, परत ओतता. मी चहा आणते तेव्हा रोज बघते. मला वाटलं, दारूची काही रीत असेल."

"परत ओतता?" कॅप्टनने विचारलं. "बाटलीत?"

"पातळी राहावी म्हणून," घड्याळजी म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"किती दिवस?"

"तीन महिने."

कॅप्टन हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "उघडल्यावर थोडा जोश उतरतोच, भाऊजी. परत आल्यावर तुम्हाला वाटला असेल, तो तेवढाच फरक. पण रोज हवा घातलीत तिला. फिरवून फिरवून. पीटचा धूर हवेनेच जातो." जहाजावरचा एखादा फ्यूज का उडाला हे सांगावं, तशाच आवाजात तो हे बोलला.

घड्याळजीला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. तीन महिने हा माणूस आपल्यासमोर हसत बसला होता, कारण त्याला हसायला काहीच अडचण नव्हती. साप साप म्हणून आपण भुई धोपटत होतो, आणि भुई आपल्याच घरची होती. चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. दोनच शब्द. पण आयुष्यभर दुसऱ्याची चूक शोधलेल्या माणसाच्या जिभेला ते वळण नव्हतं.

"ही तरी घेऊन जा," तो कुपीतल्या व्हिस्कीकडे बोट दाखवून म्हणाला. "नाहीतर बस ना. दोघं मिळून घेऊ."

"नको. बॅग भरायची राहिलीय." कॅप्टनने आपले ग्लास उचलून मोरीत विसळले, पालथे घातले आणि हात पुसले. बहिणीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. ती त्याच्याबरोबर जिन्यापर्यंत गेली. दारात तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुण्याच्या चेहऱ्यावर असते तशी नीटनेटकी अदब होती.

"परत आलो की येईन, भाऊजी," तो म्हणाला. "आधी फोन करीन."

"कर," घड्याळजी म्हणाला.