लोरीनचं गाणं

मी बॅन्जो बोलतोय. अमेरिकेतल्या कॅरी गावात, एका मोठ्या घरात टीव्हीच्या वर टांगलेला. पाहुणे माझ्यासमोर उभं राहून फोटो काढतात. वाजवत कोणी नाही.

मला घडवलं अर्लने. डोंगराकडच्या मोज्यांच्या गिरणीत तो कामाला होता. गिरणीतल्या धुळीने त्याची बायको लोरीन खोकून खोकून गेली, तेव्हा त्याने तिच्यावर गाणं रचलं, माझ्याच तारांवर. तो ते बारमध्ये म्हणायचा आणि ट्रक चालवणारी दांडगी माणसं खाली मान घालून ऐकायची.

बोटं आखडली तसा तो शिकवण्या घेऊ लागला. त्यात अनिका आली. जन्म इथलाच, नोकरी औषधांच्या कंपनीत. पोरीचा हात गोड होता, खोटं कशाला बोलू? अर्लने मला तिच्या हवाली केलं. म्हणाला, "गाणं कुठेही गा. फक्त आधी लोरीनचं नाव घे." ती हो म्हणाली.

शहरात लोकसंगीताचा महोत्सव होता. अर्लही आधी तिथल्या निवडफेरीत गाऊन दाखवायला गेला होता. निवडणाऱ्यांनी त्याची टोपी पाहिली, गावाकडचा हेल ऐकला आणि हे कंट्री आहे, बारमधलं गावरान गाणं, आम्हाला फोक, म्हणजे जुनं लोकगीत हवं, असं गोड बोलून त्याला वाटेला लावलं. तेच गाणं अनिकाने तो हेल गाळून, संथ म्हटलं. त्यांना ते फार भावलं.

महोत्सवात अर्ल शेवटच्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, लोरीनच्या नावाची वाट बघत. अनिका माइकवर म्हणाली, "हे एक पारंपरिक गाणं." गाणं संपल्यावर सगळे उभे राहिले. अर्ल बसूनच होता. मग कोणाला न भेटता निघून गेला.

परतताना तिच्या वडिलांनी, राजीवने, गाडीत विचारलं, "अगं, त्यांच्या बायकोचं नाव राहिलं ना?"

"बाबा, नाव घेतलं की ते कंट्री होतं. ट्रॅडिशनल म्हटलं की लोक रिस्पेक्ट करतात."

राजीवने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "तेही खरंच. आपल्या आजीच्या ओव्या कोणी रचल्या, कुठे ठाऊक आहे?"

ठाऊक नाही, कारण कोणी विचारलंच नाही. मला फार राग आला. पण तारा छेडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

त्याच हिवाळ्यात अर्ल गेला. अनिका खूप रडली आणि मला भिंतीवर टांगून मोकळी झाली. पोरी, मला वाजवू नकोस हवं तर. कोणी विचारलं, तर तेवढं नाव सांग. मी दुसरं काही मागत नाही.

परवा घरात ते रेकॉर्डिंग लागलं होतं. पाहुण्या म्हणून आलेल्या पद्मजामावशींनी विचारलं, "कोणाचं गं हे गाणं?"

अनिकाने माझ्याकडे पाहिलं.

"कोणाचंच नाही, मावशी," ती म्हणाली. "फोक आहे."