उजव्या सीटवरची मनकर्णा

मी फोक्सवॅगन बोलतेय. देवळाली प्रवऱ्यात मला या नावानं कुणी ओळखत नाही. माझ्या पाठीचा फुगवटा बघून पोरांनी मला ‘कासव’ करून टाकलं आणि मोठ्यांनीही तेच उचललं. असो. नावं ठेवायची माणसांना हौसच असते, आणि इथल्यांना जरा जास्तच.

माझा जन्म जर्मनीतला. पुण्याच्या एका कारखान्यात कामाला आलेल्या इंजिनिअरसाहेबानं मला बोटीतून मुंबईला उतरवलं. तिथं धक्क्यावरच माझ्या ध्यानात आलं, की इथं आपलं अवघड आहे. या देशात वाहनं रस्त्याच्या डाव्या अंगानं चालतात आणि माझं स्टिअरिंगही डाव्याच हाताला. म्हणजे चालवणारा बसणार गटाराच्या कडेला, आणि समोरून येणारा ट्रक त्याच्याआधी दिसणार शेजारी बसलेल्या माणसाला.

साहेब मायदेशी निघाला तेव्हा गहिनीनाथनं मला घेतलं. विहिरीवरच्या जळालेल्या इलेक्ट्रिक मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. हात त्या मोटारींत आणि डोकं जगभरच्या मोटारींत. पुण्याच्या फुटपाथवरून जुनी विलायती मासिकं आणायचा आणि दुकानात बसणाऱ्याला पकडून ऐकवायचा. गिऱ्हाईक बिचारं पंपाची चौकशी करायचं आणि हा त्याला फ्रान्सला घेऊन जायचा.

“फ्रान्समधी एक गाडी हाय,” तो म्हणायचा. “नांगरलेल्या रानातून अंड्यांची पाटी न्या, एक अंडं फुटायचं न्हाई. आपल्या रस्त्याला तीच पायजे. पन मिळती का? न्हाई मिळत! अमेरिकेची गाडी म्हंजे नुसती बाज, झोपा आनि पेट्रोल पाजा. जपानवाल्यांना आज हसतात लोक, पन बघा, ते एक दिवस समद्यांच्या म्होरं जातील. ब्राझीलमधी ही आपली कासव गल्लोगल्ली हाय. आनि आपल्याकडं? अँबॅसॅडर, फियाट, हेरल्ड. तीन नावं, ती बी नंबर लावून म्हातारं व्हा!”

त्यानं स्वतः फियाटला नंबर लावून ठेवलाच होता. माझी हीच जात इंग्लंड-ऑस्ट्रेलियात उजव्या स्टिअरिंगची मिळते, हेही त्याला पाठ होतं. मग डाव्या स्टिअरिंगची का घेतलीस, असं कुणी विचारलं की म्हणायचा, “स्टिअरिंग कुठं हाय ह्याला किंमत न्हाई. डोकं जाग्यावर पायजे.”

डोकं जाग्यावर होतं ते मनकर्णाचं. त्याची बायको. पहिल्याच फेरीला, एका बैलगाडीला मागं टाकताना, समोरून आलेली एस.टी. तिनं पाहिली आणि किंचाळली. त्या दिवसापासून उजव्या सीटवर तीच बसायची. “थांबा” म्हणाली की हा थांबायचा, “जाऊ द्या” म्हणाली की जायचा. हा रस्ताभर जर्मनी-इटलीच्या गप्पा मारायचा आणि ती पदर खोचून रस्ता वाचायची. ऊस भरलेली गाडी किती झुलते, कोणता ड्रायव्हर बाजू देईल आणि कोणता मुद्दाम अडवून धरेल, तिला लांबूनच कळायचं. तिच्या डोळ्यांवर मी आंधळेपणानं चालत होते, हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला. मला पाणी लागत नाही, माझं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, म्हणून लोक माझा हेवा करायचे! रस्त्यावर जिकडेतिकडे ट्रक. जनावरांच्या छावण्यांना कडबा नेणारे आणि दुष्काळी कामावरची खडी वाहणारे.

अशातच एका दुपारी साखर कारखान्यातून शिपाई सायकल दामटत आला. नगरहून तिथं फोन आला होता. गहिनीनाथची धाकटी बहीण झुंबरबाई दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन आजच करायला हवं होतं, अंगात रक्त उरलं नव्हतं आणि तिच्या गटाचं रक्त तिथं मिळत नव्हतं. भावाचं चालतं हे मागच्या दुखण्यात तपासलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवस मावळायच्या आत भाऊ आला पाहिजे.

गहिनीनाथनं मला दारात आणलं. मनकर्णा सवयीनं उजव्या दाराशी आली आणि तिथंच थबकली. सहादूआबा काठी टेकत बाहेर येत होते. तिचे सासरे. लेकीसाठी त्यांचा जीव तुटत होता, ते येणारच होते. आणि आबा गाडीत असताना पुढची जागा कुणाची, हे या घरात कुणी विचारतही नाही. माझी दारं दोनच. सीट पुढं वाकवून मनकर्णा मागं शिरली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि गप्प झाली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांसमोर तिनं आवाज काढला नव्हता. मान हलवायची, फार तर झुंबरबाईच्या कानात सांगायची.

आबा माझं दार लावायला गेले तेव्हा त्यांना कडी सापडेना. हात सगळीकडे फिरला, नजर एका जागी थिजलेली. मी चरकले. या माणसाला दिसत नव्हतं! घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. डोळे गेले हे कळलं, की शेताच्या बांधावर आपला शब्द चालायचा नाही, अशी त्यांना धास्ती असणार. मला कळून काय उपयोग? मला हॉर्न आहे, तोंड नाही.

राहुरी मागं पडली. पुढं एक बैलगाडी.

“आबा, मोकळं हाय का?” गहिनीनाथनं विचारलं.

“हान!”

मी उजवीकडे सरकले आणि एक ट्रक कानाशी घासल्यासारखा गेला. गहिनीनाथला वाटलं, आबांचा अंदाज जरा चुकला. मागं मनकर्णानं सीटची कड घट्ट धरली. ती काहीतरी पुटपुटली, पण माझं इंजिन मागच्या बाजूला, तिच्या पाठीशीच धडधडत असतं. तिथून बोललेलं पुढं ऐकू जायला ओरडावं लागतं. आणि ओरडणं म्हणजे सासऱ्यांच्या तोंडावर ओरडणं.

आज गहिनीनाथ कुठल्याच देशाचं नाव काढत नव्हता. ऊन कलायला लागलं होतं.

विळदच्या घाटात कडब्याचा एक ट्रक आडवा आला. कडबा दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला, की गहिनीनाथला पुढचं काही दिसेना. ट्रक चढावर रडतखडत चाललेला. आम्ही त्याच्या धुरात, त्याच्या मागं. गहिनीनाथ एकदा आभाळाकडे बघायचा, एकदा ट्रककडे.

“आबा, बघा की!”

आबांना काय दिसणार? पण लेक तिकडं मरणाच्या दारात आणि पोरगा इकडं विचारतोय. ज्याला रस्ता दिसत नव्हता त्याला उशीर मात्र स्पष्ट दिसत होता.

“मोकळं हाय. हान!”

गहिनीनाथनं मला जोरात उजवीकडे काढलं. मनकर्णा उजव्या काचेला गाल लावून बसली होती. वरून खडीचा ट्रक सुसाट उतरत होता.

“थांबा! आवो थांबा! मागं घ्या!”

सासऱ्यांसमोर एवढा मोठा आवाज त्या बाईच्या गळ्यातून निघेल, हे मला तोवर माहीत नव्हतं. वडिलांनी ‘हान’ म्हटलेलं आणि बायको ‘थांबा’ म्हणतेय. गहिनीनाथचा पाय क्षणभर दोन्हींच्या मध्ये लटकला. मग त्यानं ब्रेकवर सगळा भार टाकला आणि मला कडब्याच्या मागं ओढलं. खडीचा ट्रक माझ्या उजव्या मडगार्डचा रंग खरवडून, हॉर्न बोंबलत खाली गेला. मी मेलेच होते. आम्ही सगळेच मेलो होतो!

कडेला घेऊन त्यानं मला उभं केलं. मागं मनकर्णानं तोंडावर पदर दाबून धरला होता. मरणाच्या भीतीनं की सासऱ्यांच्या, कोण जाणे. आबांनी दार चाचपलं आणि खाली उतरले. गहिनीनाथ घाबरून म्हणाला, “आबा, ऱ्हाऊ द्या, ती घाबरून वरडली...”

आबांनी सीट पुढं वाकवली. ती वाकवायलाही त्यांना वेळ लागला.

“सूनबाई, म्होरं बस.”

ती हलेना.

“ऊठ पोरी. मला दिसत न्हाई. लई दिस झालं. समोर दोन हात धुकंच हाय नुसतं.” आबा सीट धरून उभे राहिले. “म्या आज समद्यांना खाल्लं असतं. माज्या झुंबरला बी. तू म्होरं बस, आनि लाजू नगं. वरडत चल.”

आबा मागं शिरले, कोपऱ्यात अंग चोरून बसले. मनकर्णा पुढं आली. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं सावरला नाही. “जाऊ द्या!” तिनं सांगितलं आणि मी निघाले. नगर येईपर्यंत ती मोकळ्या गळ्यानं रस्ता सांगत होती आणि मागून आबा प्रत्येक वेळी “व्हय, व्हय” म्हणत होते.

झुंबरबाई वाचली. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशनही पुढं झालं. तरी माझ्यात बसताना ते हट्टानं मागंच बसायचे. “बाई म्होरं आनि म्हातारा मागं” म्हणून गावानं हसून घेतलं. आबांनी हसू दिलं. आणि घरात मनकर्णा सासऱ्यांशी बोलायला लागली. कुठं काय पेरायचं इथपर्यंत बोलायला लागली.

आता माझे सुटे भाग या देशात मिळत नाहीत. गहिनीनाथनं पुणे-मुंबई पालथी घातली, ब्राझीलला शिव्या दिल्या, शेवटी हात टेकले. नेमका त्याच सुमाराला नंबर लागला आणि उजव्या स्टिअरिंगची फियाट आली. देखणी आहे, खोटं कशाला बोलू? मी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली आले.

परवा ते दोघं नव्या गाडीतून राहुरीला जाऊन आले. मनकर्णा उतरली आणि उतरता उतरता तिनं विचारलं, “आवो, ह्या गाडीत मी काय करायचं?”

“करायचं काय? मजेत बसायचं! समदं मला दिसतंय आता.”

“त्ये दिसलं मला,” ती म्हणाली आणि घरात गेली.

ज्याला दहा देशांच्या गाड्या तोंडपाठ, त्याला या प्रश्नाचं धड उत्तर सुचू नये, याचा मला राग आला. राग येण्याइतकी धुगधुगी माझ्यात अजून आहे. 

काल ती पत्र्याखाली आली. उजव्या दाराशी गेलीच नाही. डाव्या बाजूनं आत बसली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. पाय क्लचपर्यंत पोचतो की नाही ते बघितलं. पोचतो. बराच वेळ ती समोरच्या भिंतीकडे, रस्त्याकडे बघावं तशी बघत राहिली.

गहिनीनाथ, मी अजून एखाद्या वेळी सुरू होईन. ढकलावं लागेल, पण होईन. तोवर किल्ली तिच्या हातात दे. शेजारी तू बस, आणि तोंड जरा बंद ठेव.