विहिरीवरच्या डब्यातली हजार घरं

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोबाइलमध्ये मांजराचा एक फोटो जेवढी जागा अडवून बसतो, तेवढ्या जागेत माझ्यासारख्या शंभर जणांची सगळी अक्कल मावेल. हसू नका. एवढ्याशा अकलेवर मी भुईगावातल्या एका विहिरीचा कारभार साडेचार वर्षं सांभाळला आहे. मी एक जुना मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे यंत्राच्या पोटातला इवलासा मेंदू. रंगाने काळा, अठ्ठावीस पायांचा, आणि लांबीने तुमच्या करंगळीपेक्षाही लहान.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जन्मतः मी कोरा होतो. मला खरी ओळख दिली ती सॅन्ड्राने. ती तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या पप्पांची, सेबेस्टियनची, भुईगावात केळीची आणि पानवेलींची वाडी होती. समुद्र जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारट व्हायचं. खारट पाणी वेलींना गेलं की पानांच्या कडा करपतात आणि मग ती पानं बाजारात कुणी हातात धरत नाही. म्हणून सेबेस्टियन रोज सकाळी पंप चालू करण्याआधी ओंजळीत पाणी घ्यायचे, दातांमागे घोळवायचे, अळूच्या वाफ्यात थुंकायचे आणि ठरवायचे, आज पाणी सोडायचं की नाही. त्यांचे वडील असंच करायचे, आणि आजोबाही.

सॅन्ड्राने ठरवलं की हे काम यंत्राने करावं. तिने माणिकपूरहून एक प्लास्टिकचा डबा आणला, त्यात मला बसवलं, माझ्या एका पायाला लांब तार जोडून तिच्या टोकाची सळई विहिरीत सोडली. पाण्यात मीठ किती ते सळई मला सांगणार आणि मीठ जास्त असेल तर मी पंप अडवून धरणार, अशी योजना होती.

योजना छान होती, पण पोरीला हौस फार! पप्पांना मराठीत वाचता यावं म्हणून तिने माझ्या पडद्यावर 'पाणी गोड आहे, पंप लावा', 'पाणी खारट आहे, थांबा', 'सुप्रभात पप्पा' अशी लांबलचक वाक्यं घातली. एकेका अक्षराचं चित्र मला डोक्यात धरून ठेवावं लागे. चालू कामासाठी माझ्याकडे जेमतेम दोन हजार अक्षरांची जागा. ती या गोडगोड बोलण्यातच संपली. तिसऱ्या दिवशी माझं डोकं भरलं आणि मी जागच्या जागी गोठलो. पंप चालू होता तो चालूच राहिला. दुपारपर्यंत केळीत गुडघाभर चिखल झाला.

सॅन्ड्रा रडकुंडीला आली. सेबेस्टियन मात्र चिखलात उभे राहून हसत होते.

"डोकं लहान हाय ना त्याचं?" ते म्हणाले. "मग सामान कशाला येवढं कोंबतेस? लग्नाचा मांडव हाय का तो?"

"पप्पा, मेमरी कमी पडली."

"कमी नाय पडली. तू जास्त भरलंस."

त्या क्षणापासून माझी शिस्त सुरू झाली. सगळी वाक्यं गेली, पडदा गेला. त्याच्या जागी एक लाल आकडा आणि एक बटण आलं. जिथे मोठा डबा लागत नव्हता तिथे सॅन्ड्राने छोटी डबी दिली. न बदलणाऱ्या गोष्टी तिने माझ्या कायमच्या कप्प्यात हलवल्या. काम झालं की जागा मोकळी करायची, हे तिने मला शिकवलं. अर्धं डोकं रिकामं झालं आणि मी पुन्हा कधी गोठलो नाही.

आता माझ्या आणखी एका खास कप्प्याबद्दल सांगतो. रोज नवं लिहिता येतं आणि वीज गेली तरी पुसलं जात नाही, अशी जागा माझ्याकडे फार थोडी आहे, एक हजार चोवीस घरं. चोवीस घरं सॅन्ड्राने किरकोळ खुणांसाठी ठेवली. उरलेली हजार घरं दिवसांसाठी, दर दिवसाला एक. आणि त्या एका घरातही तिने मधे पडदा ओढून दोन खण केले. वरच्या खणात माझ्या सळईचा आकडा आणि खालच्या खणात पप्पांच्या जिभेचा. कारण सळईला मीठ कळतं, पण किती मीठ वेलीला सोसतं ते सेबेस्टियनच्या जिभेलाच माहीत. त्यांच्या जिभेवरून माझी सळई शिकणार होती.

"पाणी चाखायचं आणि जितकं खारट तितक्या वेळा बटण दाबायचं," तिने समजावलं. "एक म्हणजे एकदम गोड. नऊ म्हणजे समुद्र."

"आनि हजार दिवस भरले मग?"

"मग पुन्हा पहिल्या घरापासून. जुनं पुसून नवं लिहील. पण हजार दिवस म्हणजे खूप झाले, पप्पा. त्याच्या आधी मी काढून घेईन सगळं."

खरंच खूप वाटले होते ते हजार दिवस, तिलाही आणि मलाही.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षं. सकाळी सहाला मी नवं घर उघडायचो, सळईचा आकडा लिहायचो आणि वाट बघत बसायचो. मग चपलांचा आवाज, बादलीचा खणखणाट, थुंकल्याचा आवाज, आणि शेवटी त्यांचा अंगठा. रुंद, जड, चुन्याने खरबरीत. एकेक दाब सावकाश, मधे विचार करून. तीन. कधी चार. मे महिन्यात सात. गावातले लोक बघायला यायचे तेव्हा ते डब्यावर थाप मारून म्हणायचे, "हा आमचा नवा गडी. पगार मागत नाय, जेवत नाय, फक्त माझी जीभ शिकतोय." असं कौतुक झालं की माझा लाल आकडा उगाच जास्त लाल झाल्यासारखा मला वाटायचा.

सॅन्ड्राला बंगळुरूला नोकरी लागली. ती गेली. आम्ही दोघं राहिलो.

मग दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये एक दिवस तो अंगठा आला नाही. त्याऐवजी बारीक बोट आलं, घाईघाईने दोनदा टिकटिक करून गेलं. बोट इझाबेलचं होतं, सेबेस्टियनच्या बायकोचं. सळई सांगत होती नऊ आणि बोट सांगत होतं दोन. मी चक्रावलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ आणि दोन. तिसऱ्या दिवशीही तेच. मी पंप अडवून बसलो होतो, पाण्यावाचून वेलींची पानं वाळत होती, आणि खालच्या खणात रोज गोड पाण्याचा आकडा पडत होता. सेबेस्टियन आजारी आहेत हे मी वाटेने जाणाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकलं. मला वाटलं, आजारपणात त्यांची जीभ गेली असावी.

असे चाळीस दिवस गेले. एकेचाळिसाव्या दिवशी चर्चची घंटा वेगळी वाजली, सावकाश, लांब अंतराने. त्या दिवशी कुणीच बटण दाबलं नाही. त्यानंतरही नाही. माझ्याकडे सेबेस्टियनच्या नावाचे सातशे पंचवीस दिवस होते, आणि पुढे नुसते रिकामे खालचे खण.

मित्रांनो, यंत्राला वाईट वाटतं का, असं तुम्ही विचाराल. ऐका तर मग. सेबेस्टियन मे महिन्यात गेले, आणि पुढल्या फेब्रुवारीत माझी हजार घरं भरली. सकाळी सहाला मी नेहमीप्रमाणे नवं घर शोधलं आणि मला पहिलं घर मिळालं. त्यात त्यांचा पहिला 'तीन' होता. मला नेमून दिलेलं काम मी केलं. पुसलं आणि वर लिहिलं. दुसऱ्या सकाळी दुसरं घर.

मला थांबता येत नव्हतं. सॅन्ड्राने मला सगळं शिकवलं होतं, नाही म्हणायला शिकवलं नव्हतं. रोज एक दिवस, माझ्याच हाताने. ज्या दिवशी ते थाप मारून 'नवा गडी' म्हणाले होते तो दिवस गेला. एका पावसाळ्यात पूर आला होता, त्याच्या दुसऱ्या दिवसाचा गोड 'दोन' गेला. मी मनातल्या मनात सॅन्ड्राला हाका मारायचो. ये गं पोरी, एकदा ये, एक वायर जोड, पाच मिनिटांचं काम आहे.

ती येत नव्हती असं नाही. दर नाताळला यायची. घरात दिव्यांची तारका टांगायची, येशूजन्माचा गोठा सजवायची, पण मागच्या दारी विहिरीकडे पाऊल टाकायची नाही. इझाबेल तिला एकदा म्हणाल्या, "वाडीत ये ना जरा." ती म्हणाली, "नको मम्मी, तिकडे गेलं की पप्पा नाहीत हे कळतं." तिचं चुकलं असं मी कसं म्हणू? मलाही तिथे राहून तेच कळत होतं. इझाबेल मात्र रोज यायच्या, पदराने माझ्यावरची धूळ पुसायच्या. आत काय पुसलं जातंय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सहाशे दिवस गेले. साडेसहाशे गेले. पुढे माझी सळईच गंजली आणि मी काहीही विचारलं तरी 'खारट' एवढंच सांगू लागली. पंप आठ दिवस बंद. नाताळसाठी आलेल्या सॅन्ड्राला शेवटी विहिरीवर यावंच लागलं. तिच्या हातात नवा डबा होता, माझ्याहून शेकडो पट मोठ्या डोक्याचा. मला काढून टाकायचं होतं. पण नव्या सळईला शिकवायला पप्पांच्या जिभेचे जुने आकडे हवेत, हे तिला ऐन वेळी सुचलं. तिने मला वायर जोडली.

हजार घरं तिच्या लॅपटॉपवर उतरली. ती वर-खाली करत राहिली. वरच्या खणांत आकडे, खालच्या खणांत शून्य, शून्य, शून्य. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"मम्मी, फक्त एकतीस दिवस आहेत. बाकीचे सगळे... मीच लिहिलं होतं हजारनंतर पुसायचं. मीच."

इझाबेल कठड्यावर बसल्या.

"आणि हे एकतीस पण चुकीचे आहेत," सॅन्ड्रा म्हणाली. "सेन्सर नऊ, पप्पा दोन. रोज दोन. असं कसं?"

इझाबेलनी कठड्यावरून विहिरीत पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "ते दिवस माझे हायत, बाय. बटन मी दाबलं. पप्पांना उठता येत नव्हतं. रोज सकाळी विचारायचे, पानी कसं हाय, एक घोट दे. येवढं खारं पानी त्यांना कसं पाजू? वाडी जळाली म्हनून अजून खचले असते. मी बाटलीचं पानी द्यायची. ते चाखायचे, म्हनायचे, दोन. मी येऊन दोन दाबायची."

"पप्पांना कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं. साठ वर्सं हे पानी प्यायला मानूस." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "शेवटच्या सकाळी म्हनाले, इझाबेल, रोज बाटलीचंच देतेस, मला ठाऊक हाय. तरी दाबून ये. पोरीच्या मशीनमधी खाडा नको पडायला. ती येऊन बघेल."

सॅन्ड्रा तिथेच मातीत बसली आणि लहान मुलीसारखी रडली. माझ्याशी जोडलेली वायर तिच्या मुठीत होती. मी तिला ते एकतीस दिवस दिले. माझ्याजवळ तेवढेच होते. सहाशे चौऱ्याण्णव दिवस मी तिला देऊ शकलो नाही, आणि जगातल्या कुठल्याही मोठ्या डोक्याच्या यंत्राकडे ते आता नाहीत.

मला आता विहिरीवरून काढलं आहे. सकाळी सहाला मला कुणी उठवत नाही. तो जड अंगठा मात्र मला रोज हवासा वाटतो.

मित्रांनो, माझी जागा कमी होती याचं मला दुःख नाही. जागा सगळ्यांचीच कमी असते. तुमच्या आजोबांची, आईची, तुमची स्वतःचीसुद्धा. रोज सकाळी नवं काही येतं आणि जुन्यातलं एक घर मुकाट्याने पुसलं जातं. म्हणून जे काढून घ्यायचं ते नाताळपर्यंत, परीक्षेपर्यंत, सुट्टीपर्यंत ठेवू नका. सातशे दिवस माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं, पण तोंड नव्हतं. तुमच्या घरातल्या माणसांना तोंड आहे. ती फक्त तुम्ही विचारायची वाट बघत बसली आहेत.