आतून नवा अल्टरनेटर

"काका, हा माल आतून खरंच नवा केलाय, की नुसता रंग फासून आमच्या माथी मारताय?"

मधल्या सुट्टीत, शाळेच्या जिन्याखाली, तोफेने हा प्रश्न फोनवर टाइप केला आणि अंगठा हवेत धरून ती थांबली. दोन मैत्रिणींपैकी फोन गोटीचा, पैज शिडीची, आणि अब्रू मात्र हिची एकटीची. विकणाऱ्याच्या पानावर, जिथे सगळं जग वाचणार, तिथे असं तोंडावर विचारायचं?

"बघ, फुसका बार निघाला," शिडी वरून म्हणाली. ती इतकी उंच होती की काहीही म्हणाली तरी वरूनच म्हणायची.

"अगं, निदान 'कृपया' तरी घालू का?"

"कृपया घातलंस की पैज हरलीस," गोटीने निकाल दिला.

मागच्या वर्षी अशी पैज हिच्याशी कुणी लावलीच नसती. तेव्हा ही मुलगी हजेरीला 'हजर' म्हणायची, तेही बाईंना ओठांवरून वाचावं लागे. यंदा वादविवाद स्पर्धेत चुकून नाव गेलं, चुकून ती उभी राहिली, आणि समोरच्या संघाची अशी दाणादाण उडवली की त्या दिवसापासून ती शाळाभर तोफ झाली. आता तोफ म्हटल्यावर न उडण्याची सोयच उरली नव्हती. तिने अंगठा दाबला.

घंटा व्हायच्या आत उत्तर हजर.

"काका नव्हे, मावशी. आणि रंग फासायला इथे वेळ कुणाला आहे? बेअरिंग नवी, ब्रश नवे, आतली तार नवी. कवच जुनंच. चालला नाही तर पैसे परत. फक्त तुमचा बिघडलेला मला पाठवायचा, तोच दुरुस्त करून पुढे विकते मी. तोंड फाटकं आहे तुझं, पण प्रश्न बरोबर विचारलास. बाकीचे आधी घेतात आणि मग रडतात."

गोटी हसून हसून पायरीवर आपटली. तोफ मात्र हसली नाही. तिने उत्तर नीट वाचलं आणि मनात म्हणाली, हिच्याकडूनच घ्यायचा.

कारण पैज मैत्रिणींची असली तरी गरज घरची होती. तोफेची आई गाडी चालवायला शिकवायची. क्लास म्हणजे तरी काय, ती एक गाडी: टपावर 'गाडी शिका' अशी पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक. त्या गाडीचा अल्टरनेटर गेला होता. अल्टरनेटर म्हणजे छोट्या भोपळ्याएवढा धातूचा गड्डा. इंजिन चालू असताना तो बॅटरी भरत राहतो. तो गेला की गाडी थोडी चालते, मग भर चौकात हातपाय गाळते. कंपनीच्या कोऱ्या अल्टरनेटरची किंमत ऐकून आईने दुकानाच्या पायरीवरच बसकण मारली होती. इकडे शिकणारी मंडळी एकेक करून समोरच्या थंडगार गाड्यांच्या क्लासकडे सरकायला लागली होती.

बाबांचं चष्म्याचं दुकान. त्यांनी सरळ हिशेब मांडला. "रविवारी एक दलाल गाडी बघायला येतोय. देऊन टाकू. तू माझ्या दुकानात बस. पंखा आहे, खुर्ची आहे, चौघांत उठबस."

जी आई ट्रकवाल्यालासुद्धा काच खाली करून "इंडिकेटर शोभेला लावलाय का हो?" असं विचारायची, ती यावर नुसती उठली. फडकं घेऊन मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये गेली आणि बंद गाडीची काच पुसत बसली. 

"बाबा, एकदा हा मागवून बघू. आतून नवा केलेला आहे, पैसेही कमी," ती म्हणाली.

"ऑनलाइन? तोही वापरलेला? न बघितलेल्या बाईकडून? मागे चपला मागवल्या तर दोन्ही डाव्या आल्या होत्या, विसरलीस?"

"त्या तुम्ही मागवल्या होत्या."

आई तोंडावर पदर धरून हसली. बऱ्याच दिवसांनी. ते बघून बाबा विरघळले. "ठीक आहे. शनिवारी गाडी चालली तर चालली. नाहीतर रविवारी दलाल. मग माझ्यावर तोफा डागायच्या नाहीत."

शुक्रवारी खोकं आलं. तोफ शाळेत वादविवादाच्या तालमीला अडकली होती. घरी आली तेव्हा अंगात त्राण नव्हतं. जेवली आणि आडवी झाली. शनिवारी सकाळी उठली तर आई शिकणाऱ्यांची लायसन्सच्या लेखी परीक्षेची तयारी करून घ्यायला बाहेर पडलेली. बाबांना तिचा फोन आला. "अहो, पानाकाकांनी काढून दिलेला जुना खोक्यात घाला आणि कुरिअरला द्या. नवा पोरीबरोबर पानाकाकांकडे पाठवा. मी परस्पर तिथे येते."

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून दोन अल्टरनेटर ठेवले होते. एक राखाडी, डागाळलेला, उदास. दुसरा नुकत्या घासलेल्या पातेल्यासारखा लखलखीत. यात ओळखायचं ते काय? बाबांनी उदास गड्डा खोक्यात घातला आणि हाडमोडीला प्लास्टर करावं तशी चिकटपट्टी त्याला गुंडाळली. तोफेने लखलखीत उचलला, शाळेच्या दप्तरात घातला आणि पाठीवर ओझं, तोंडावर विजय अशी गॅरेजकडे निघाली.

पानाकाकांच्या मागच्या खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून ते पानाकाका. त्यांच्यासमोर तीन गाड्या तोंडं वासून उभ्या होत्या. त्यांनी गड्डा हातात घेतला आणि शीळ घातली.

"वा! काय चकाचक केलाय गं! असा तर कंपनीचाही येत नाही."

"बाई आहे करणारी," तोफ ऐटीत म्हणाली, जणू तिनेच जन्माला घातली होती.

काका गाडीच्या पोटात शिरले. बोल्ट आवळले, पट्टा चढवला, तारा जोडल्या. तेवढ्यात आई आली. तिने हात साडीला पुसले आणि चावी फिरवली. इंजिन खोकलं, मग धडधडायला लागलं. तोफेने टाळी वाजवायला हात वर केले.

समोरच्या पट्टीवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र विझला नाही.

काकांनी ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. दिवा तसाच. तारा काढून पुन्हा जोडल्या. दिवा डोळा वटारून बसलेला.

"भरत नाही गं ताई," काका शेवटी म्हणाले. "मेलेला आहे. वरून नवरदेव, आतून ठणठण गोपाळ."

आईने चावी काढली. "राहू दे," ती म्हणाली. "तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस बाळा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तोफेच्या डोळ्यांसमोर आई दुकानाच्या काउंटरमागे बसलेली, पंख्याखाली, फ्रेमा पुसत असलेली दिसली. नाकाचा शेंडा झोंबायला लागला. पण रडण्याआधी राग आला, आणि राग तिला अलीकडे फार उपयोगी पडायला लागला होता. तिने आईचा फोन घेतला आणि मावशीला लावला. तोही व्हिडिओ कॉल.

पडद्यावर काळ्या हातांची, चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई आली. मागे फळीवर असेच गड्डे ओळीने मांडलेले.

"मावशी, तुम्ही म्हणालात रंग फासत नाही! म्हणालात आतून नवा! इथे लाल दिवा विझत नाहीये! माझ्या आईचा क्लास बंद पडेल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. कान शाबूत आहेत माझे. आधी तो दाखव."

पानाकाकांनी पुन्हा बोल्ट सोडले, गड्डा बाहेर काढला आणि फोनसमोर धरला. मावशी पडद्याजवळ वाकली.

"हा माझा नाही."

"असं कसं? तुमच्याच खोक्यातून आलाय!"

"अगं, माझ्याकडचा माल असा नटूनथटून जात नाही. कवचाला मी हातही लावत नाही. याला आंघोळ कुणी घातली?"

 मग तोफेच्या पाठीमागून बारीक आवाज आला.

"मी."

सगळ्यांनी वळून बघितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"काल रात्री. जुना होता तो. इतका मेणचट, ग्रीस लागलेला. म्हटलं, दुसऱ्याला परत द्यायची वस्तू अशी घाण कशी द्यायची? रॉकेल घेतलं, जुना टूथब्रश घेतला..."

पलीकडे मावशी इतकी हसली की तिचा कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "बाई, जन्मात कुणी मला जुना घासूनपुसून पाठवला नव्हता! मग माझा कुठाय?"

तोफेला आता लखलखीत दिसलं. राखाडी. डागाळलेला. उदास. "कवच जुनंच," असं मावशीने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, आणि हिने ते वाचलंही होतं. विचारताना वाघीण, आणि बघताना आंधळी कोशिंबीर!

बाबांना फोन लागला. ते दुकानात होते. "दिला की कुरिअरला! पावतीही घेतली. अशी पट्टी मारलीय की आकाशातून पडला तरी ओरखडा यायचा नाही."

"बाबा, तुम्ही नवा पाठवलात!"

"मग तू काय नेलंस?"

"जुना!"

"हे बघ, आधी नीट..."

"बाबा, पावती घ्या आणि कुरिअरकडे पळा!"

कुरिअरची गाडी दुपारी निघायची. पानाकाकांची स्कूटर होती. आई पुढे, तोफ मागे. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी: आई शिकवते तशीच चालवते. रिकाम्या गल्लीत, जिथे एक मांजरही नव्हतं, तिथेही तिने वळताना हात दाखवला.

"आई, कुणाला दाखवतेयस? पळव ना!"

"नियम म्हणजे नियम. खांद्यावरून मागे बघ, कुणी येतंय का?"

"कुणी येत नाहीये, आणि आपलं खोकं जातंय!"

आईने वेग वाढवला. एवढासा. पण चेहरा मात्र असा खुलला होता की तोफेने आरशात बघून तोंड मिटलं.

कुरिअरच्या दारात गाडी मागचे दरवाजे उघडे टाकून उभी होती आणि खोकी आत जात होती. काउंटरवरचा माणूस मान हलवत म्हणाला, "पावती नाही तर खोकं नाही. उद्या कुणीही येऊन म्हणेल माझं आहे."

"बरोबर आहे तुमचं," आई म्हणाली. नियमाशी भांडण तिच्या रक्तातच नव्हतं. तोफेने मात्र दरवाजासमोर ठाण मांडलं. "दादा, पावती येतेय. धापा टाकत येतेय. चष्मा डोक्यावर असेल. तोवर ते खोकं वर चढवू नका, प्लीज. ते बघा ना, कोपऱ्यातलं. ज्याला माणसापेक्षा जास्त पट्ट्या गुंडाळल्यात ते."

त्या माणसाने खोक्याकडे बघितलं आणि त्यालाही हसू फुटलं. "हे होय! सकाळी ते गृहस्थ आणखी पट्टी मागत होते."

बाबा आले. धापा टाकत, पावती हातात आणि चष्मा डोक्यावर. खोकं खाली उतरलं. आईने ते मांडीवर घेतलं, बाळ घ्यावं तसं, आणि एवढंच म्हणाली, "अहो, जगाला चष्मे विकता!"

"तू तो इतका घासला नसतास तर..."

"म्हणजे घाण पाठवायचा?"

"नंतर भांडा!" तोफ ओरडली. कुरिअरवाल्याने नकळत सलाम ठोकला.

चिकटपट्टी कापायला पानाकाकांना करवतीचं पातं घ्यावं लागलं. राखाडी गड्डा आत बसला. बोल्ट, पट्टा, तारा. आईने चावी फिरवली. इंजिन धडधडलं. लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला.

 सगळे नुसते त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले, जणू काही तो पुन्हा लागेल. नाही लागला.  आईने गाडी गॅरेजबाहेर काढली, गल्लीला एक फेरी मारली, हात दाखवून वळली आणि परत आली, तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि ती फक्त म्हणाली, "सोमवारी तिघांची गाडी चालवायची परीक्षा आहे. उद्या सकाळी बोलावते त्यांना."

बाबा बाजूला जाऊन फोनवर बोलत होते. "नाही, नाही, विकायची नाही. दलालसाहेब, बायको चालवते ती, मी कोण विकणारा?"

संध्याकाळी तिघं चहाला बसली. धुतलेला जुना गड्डा खोक्यात जाऊन बसला होता. तोफेने कप खाली ठेवला आणि उभी राहिली. वादविवादाला उभी राहते तशी.

"आपलं अर्धं घर एका गाडीवर चालतं," ती म्हणाली, "आणि तिचा एकही भाग आपल्यापैकी कुणाला ओळखता येत नाही. आई चालवते, बाबा गुंडाळतात, मी ओरडते. त्यामुळे मी ठरवलंय. पुढच्या शनिवारपासून दर शनिवारी मी पानाकाकांच्या गॅरेजमध्ये शिकायला जाणार. त्यांच्याशी बोलून झालंय. जुना डगला द्यायला तयार आहेत."

बाबांनी तोंड उघडलं.

"बाबा," तोफ म्हणाली, "मी विचारत नाहीये. सांगतेय."